कच्छच्या रणात आम्ही पाच जण
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आज मला येथे बोलायला उभे केले, ही मंडळाची माया. आजवर या जागेवरून डॉक्टरीणबाई बोलल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या. मी पडले सातवी शिकलेली बाई. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला नदीपलीकडे जावे लागे, आणि मुलीला नदीपलीकडे पाठवणार कोण? तेव्हा वर्धापनदिनी माझे ठरलेले काम म्हणजे मसालेभाताचे पातेले सांभाळणे. पण भिशीच्या दिवशी कार्यवाह ताईंनी माझी प्रवासाची वही पाहिली आणि गळच घातली, "यंदा पातेलं दुसरी कुणी सांभाळील, तुम्ही हेच बोला." म्हणून कागद लिहून आणला आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

गेल्या पौषात आम्ही घरची पाच माणसे आपल्या गाडीने कच्छच्या रणात जाऊन आलो. आठ दिवसांचा प्रवास. आमचे हे, सासूबाई, मुलगी, मुलगा आणि मी. सासूबाईंचे वय ७२. मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले, आणि लग्नानंतर ती बंगळूरला जाणार. पौषात कार्ये नसतात, खरेदीची घाई सुरू व्हायची होती, तेव्हा पाचही माणसे एकत्र हिंडण्याची ही शेवटचीच संधी असे आम्हां सर्वांच्या मनात होते. बोलून कोणी दाखवत नव्हते, इतकेच.

कुठे जायचे यावर पंधरा दिवस वाद झाले. मुलाला गाडी चालवायची होती आणि डोंगर चढायचा होता. मुलीला पौर्णिमेच्या चांदण्यात पांढरे रण पाहायचे होते. सासूबाई दत्ताच्या भक्त. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर त्यांचे झालेले आहे. कच्छमध्ये काळो डुंगर म्हणून डोंगर आहे व त्यावर दत्तात्रेयाचे देऊळ आहे, हे त्यांना भजनातल्या बाईंनी सांगितले होते. यांना काय, वेळेवर गरम जेवण मिळाले की कुठेही चालते. मला कोणी विचारले नाही, पण माझ्याही मनात एक होते. आपल्या डोंबिवलीत टँकरची वाट पाहत आपण किती उन्हाळे काढले, हे येथे कोणाला सांगायला नको. जेथे पाणीच नाही, तेथल्या बायका संसार कसा करतात, हे मला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

हे म्हणाले, "एखाद्या सहलवाल्याला पैसे देऊ, तो सगळं बघेल." मी म्हटले, "अहो, घरात वीस माणसांचं कार्य असलं की बघतं कोण? मीच ना? मग पाच माणसांचे आठ दिवस मला बघता येणार नाहीत?" त्यावर हे हसले आणि म्हणाले, "बघ बाई." आणि मी मुलाची एक अर्धी कोरी वही घेऊन बसले.

वहीत मी पाच मथळे केले. वाट, पाणी, पोट, पाय आणि पैसा.

आधी वाट. येथून वडोदरा सुमारे ४०० किलोमीटर, आणि वडोद्याहून अहमदाबादमार्गे भुज सुमारे ४४०. एका दिवसात एवढे जायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडायची. म्हणून पहिला मुक्काम वडोद्याला ठेवला. गायकवाडांच्या राज्यामुळे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत. त्यांतलेच एक माझ्या मावसबहिणीचे सासर. दुसरा नियम असा की, अंधार पडल्यावर कच्छात गाडी चालवायची नाही. भुजच्या उत्तरेला बन्नी नावाचे मोठे गवताळ रान आहे. तेथल्या म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी आपल्या आपण घरी येतात. म्हैस काळी, रात्र काळी, गाडीवाल्याला दिसणार काय? तिसरे म्हणजे भुजलाच गाडीची टाकी भरून घ्यायची, कारण पुढे पंप विरळ. आणि चौथे, पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. तो भिरंडियारा नाक्यावर मिळतो. त्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र आणि त्याची एक प्रत मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली.

पाण्याचा हिशेब मी फार अभिमानाने केला होता. माणशी रोज चार लिटर, पाच माणसांचे वीस. वीस लिटरचे दोन डबे गाडीत, शिवाय प्रत्येकाची नाव घातलेली बाटली. या हिशेबाकडे लक्ष ठेवा. याच्याकडे मी परत येणार आहे.

पोटाचे असे ठरवले की, पहिले दोन दिवस घरचे आणि पुढे जेथे जाऊ तेथले. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, संक्रांत नुकतीच झालेली म्हणून गूळपोळ्या आणि तिळाचे लाडू. कुकर व शेगडी मात्र घ्यायची नाही, असे मी घरात जाहीर केले. आजवरच्या प्रत्येक सहलीत मी ती वाहिली आणि समुद्र असो की देऊळ, मी आपली तांदूळ निवडत बसले. यंदा नाही म्हणजे नाही. यावर सासूबाई दोन दिवस अबोल होत्या. "परमुलखात काय मिळणार खायला?" ही त्यांची काळजी. पण मी बधले नाही.

पायांसाठी प्रत्येकाला पट्ट्याचे किंवा कापडी बूट. ते महिनाभर आधी घेऊन रोज संध्याकाळी घालून चालायचे, म्हणजे नवे बूट डोंगरावर चावत नाहीत. उन्हाच्या टोप्या, मिठाच्या चकाकीसाठी काळे चष्मे आणि रात्रीसाठी स्वेटर. जानेवारीत कच्छची दुपार कोवळ्या उन्हाची असते, पण रात्री हाडे वाजतात. आणि पैशांची मी आठ पाकिटे केली, दिवसाला एक. एका दिवसाचे उरले तर दुसऱ्या दिवशी घालायचे. पण उद्याचे पाकीट आज उघडायचे नाही.

भगिनींनो, वही पुरी झाली तेव्हा मला वाटले, सातवीच्या परीक्षेत पहिली आले.

पहिल्या दोन दिवसांचे फार सांगत नाही. वडोद्याला मावसबहिणीने पुरणपोळी केली आणि रात्री एकपर्यंत गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी सूरजबारीच्या पुलावरून कच्छात शिरलो. दोन्ही बाजूंना मिठागरे आणि मिठाचे पांढरे ढीग. क्षेत्रफळाने कच्छ हा आपल्या देशातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. गाडी चालते चालते आणि जिल्हा काही संपत नाही.

तिसऱ्या दिवशी भुज पाहिले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्या जवळजवळ १३,००० माणसांची आठवण म्हणून भुजिया डोंगरावर स्मृतिवन केले आहे. २०२२ पासून ते लोकांसाठी खुले आहे. डोंगरावर पावसाचे पाणी अडवायला बांध घातले आहेत आणि त्यांवर गेलेल्या माणसांची नावे लावली आहेत. गेलेल्यांच्या नावाने पाणी साठवायचे, ही कल्पना मला फार मोलाची वाटली. सासूबाईंनी तेथे हात जोडले. संध्याकाळी बाजारात दाबेली खाल्ली. हा पदार्थ मूळचा कच्छचा, मांडवीचा. आपल्याकडे मिळते ती गोड फार असते. तेथली मसालेदार आणि दाणे भरपूर. थंडीत तेथे अडदिया म्हणून उडदाच्या पिठाचा, तूप-डिंक घातलेला गोड पदार्थ करतात. सासूबाईंनी चाखला आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या डिंकाच्या लाडवाचं भावंडं." तेथून त्यांचा अबोला सुटला.

चौथ्या दिवशी धिणोधर. भुजपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर नखत्राणाच्या बाजूला हा डोंगर आहे, उंची ३८६ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे लहानच, पण सपाट मुलखात एकटा उभा असल्याने मोठा दिसतो. त्याची कथा तेथे सगळे सांगतात. धोरमनाथ नावाच्या योग्याने या डोंगरावर बारा वर्षे डोक्यावर उभे राहून तप केले. तप संपल्यावर त्याची पहिली नजर जेथे पडेल ते जळून जाईल, म्हणून त्याने समुद्राकडे पाहिले. समुद्र आटला आणि त्याचे रण झाले. आम्ही पहाटे निघून उन्हे तापायच्या आत चढायला लागलो. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी नुसता दगड. सासूबाई पायथ्याच्या मठात बसल्या. मी साडी नेसूनच चढले, फक्त ओचा वर खोचला. माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले तर जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते तेच कळेना. मुलगी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती. बोललो काही नाही.

उतरल्यावर मी बाटल्या गोळा केल्या. यांची रिकामी, मुलाची रिकामी. मुलीची जवळजवळ भरलेली. माझीही अर्ध्याच्या वर. मला वाटले, थंडीचे दिवस, तहान लागत नसेल. एवढे म्हणून मी सोडून दिले. डब्यातले पाणी उरते आहे याचा मला उलट आनंदच झाला होता. बचत झाली ना!

पाचवा दिवस माझ्या वहीतला सर्वांत भरगच्च दिवस. पौष पौर्णिमा, म्हणजे शाकंभरी पौर्णिमा. सकाळी भिरंडियाऱ्याला परवाना आणि तेथला प्रसिद्ध मावा, दुपारी काळो डुंगर, संध्याकाळी धोरडोजवळच्या पांढऱ्या रणात चांदणे, रात्री बन्नीतल्या एका गावी मुक्काम. सगळे वेळेवर झाले. मावा खाल्ला. म्हशीचे दूध आटवून केलेला, ताजा, कोमट. यांनी दोनदा मागून घेतला.

काळो डुंगर म्हणजे काळा डोंगर. कच्छमधला हा सर्वांत उंच, साडेचारशे मीटरांच्या वर. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग थोडे चालून देवळाशी जावे लागते. तेथे रोज आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. पुजारी ओट्यावर भात ठेवतात आणि "लोंग, लोंग" अशी हाक मारतात. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना "ले अंग" म्हणून आपले अंगच खायला देऊ केले, त्याचे पुढे "लोंग" झाले, असे सांगतात. सासूबाईंचे डोळे सकाळपासून या एका गोष्टीकडे लागले होते.

आरती संपली. लोक ओट्याकडे सरकले. मी सासूबाईंचा हात धरला होता. तो हात कोरडा आणि गरम लागला. मी वळून पाहते तो त्यांचे ओठ पांढरे पडलेले. "सूनबाई, माझ्या डोळ्यांपुढे काळं येतंय गं," एवढे म्हणाल्या आणि माझ्या अंगावरच कलंडल्या.

भगिनींनो, घरापासून नऊशे किलोमीटर, ७२ वर्षांचे माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, आणि मी त्यांना तेथवर आणलेली. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेले ते मी येथे सांगत नाही. दर्शनाला आलेल्या दोन कच्छी बायकांनी त्यांना सावलीत निजवले, पायांखाली आपली गाठोडी ठेवली. त्या शुद्धीवर आल्यावर मी साखर-मिठाचे पाणी करून चमच्याचमच्याने पाजले. मुलाने गाडी थेट जवळ आणली. खावड्याला दवाखान्यात दाखवले. तेथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मला विचारले, "आजी पाणी किती पितात?"

मी छातीठोकपणे म्हणाले, "माणशी रोज चार लिटर, गाडीत आहे."

"गाडीत किती आहे ते नाही विचारलं. पितात किती?"

मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी मान फिरवली. डॉक्टर बाहेर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अगं, प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं कुठे? जिकडे बघावं तिकडे उघडं रान, झाड नाही, झुडूप नाही. पुढे गाडीत मुलगा आणि नातू. दर वेळी गाडी थांबव म्हणून कोण सांगणार? म्हणून मी घोट घोटच घेत होते. तीन दिवस झाले, जळजळतंय सुद्धा. तुझा बेत मोडेल म्हणून बोलले नाही."

मी काही म्हणायच्या आत मुलगी म्हणाली, "आई, मी पण नाही पीत. चौथ्या दिवशी डोंगरावर आडोसा नसेल म्हणून मी सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं."

आणि मग माझ्या लक्षात आले की, मीसुद्धा तेच करत होते. इतक्या सवयीने करत होते की मला स्वतःला ते कळतही नव्हते. लहानपणी एस.टी.ने मामाकडे जाताना आई सांगायची, "आता पाणी पिऊ नको, वाटेत गाडी थांबणार नाही." ते जे अंगात मुरले ते मुरले. लग्नाच्या वऱ्हाडात, लांबच्या प्रवासात, देवाच्या रांगेत आपण हेच करतो. गाडीत चाळीस लिटर पाणी, आणि तीन बायका तहानलेल्या. माझ्या वहीत पाण्याचे पान होते. पाणी प्यायल्यावर लघवीला कुठे जायचे, याचे पान नव्हते. हा शब्द अशा सभेत कोणी उच्चारत नाही, पण आज मी मुद्दाम उच्चारते आहे. तो उच्चारला नाही म्हणून माझी सासू काळ्या डोंगरावर भोवळ येऊन पडली.

डॉक्टरांनी औषध दिले, विश्रांती सांगितली, आणि काळजीचे कारण नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मी यांना आणि मुलाला गाडीजवळ उभे केले आणि सरळ सांगितले. मुलगा वीस वर्षांचा. तो लाजेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "आई, मला वाटायचं तुम्हांला लागतच नाही. मला कुणी सांगितलंच नाही." हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तीस वर्षं मीच गाडी कुठं थांबवायची ते ठरवतोय. जेव्हा मला लागतं तेव्हा."

त्या संध्याकाळी मी वहीतले पान खोडले. हे आणि मुले पांढरे रण पाहायला गेली. मुलीने जायचे नाकारले होते, मीच तिला पाठवले. मी सासूबाईंजवळ राहिले. मुक्काम एका भुंग्यात होता. भुंगा म्हणजे गोल मातीचे घर, वर गवताचे निमुळते छप्पर, आत भिंतीवर मातीची नक्षी आणि तिच्यात बसवलेले आरशाचे लहान लहान तुकडे. २००१ च्या भूकंपात पक्की घरे पडली, पण गोल बांधणीमुळे असे कितीतरी भुंगे उभे राहिले, असे तेथल्या बाईंनी सांगितले. त्यांची भाषा कच्छी, माझी मराठी, दोघींचे हिंदी मोडके, पण चूल एक असली की भाषा लागत नाही. त्या बाजरीचा रोटला थापत होत्या. आपण भाकरी परातीत थापतो. त्या पाण्याचा हात लावून दोन तळव्यांमध्येच फिरवत फिरवत मोठा करतात आणि मातीच्या तव्यावर टाकतात. मी करून पाहिला तर माझा मध्येच फाटला. त्या हसल्या, आणि सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "माझ्या सुनेची भाकरी कधी फाटत नाही हो, आज हात कापतोय तिचा." रोटला, वर पांढरे लोणी, गूळ, वांग्याचे भरीत ज्याला तेथे ओळो म्हणतात, कढी आणि खिचडी. सासूबाईंनी ताक-खिचडी खाल्ली आणि वर दोन पेले पाणी प्यायल्या. मग स्वतः म्हणाल्या, "चल, मला घेऊन जा." त्या बाईंनी अंगणाच्या कडेची स्वच्छ मोरी दाखवली. तेथे पाण्याचा माठ आणि एकच लहान भांडे. पाणी किती जपून वापरतात ते त्या भांड्याच्या आकारावरूनच कळत होते. पण आलेल्या बाईसाठी आडोसा पहिला. मी एवढेच शिकायला इतक्या दूर गेले होते असे मला वाटले.

अंगणात आलो तर शाकंभरीचा चंद्र वर आला होता. आम्ही दोघी सासवासुना बाजेवर बसून राहिलो. पांढरे रण त्या रात्री मी पाहिले नाही. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. थोडे वाटते.

सहाव्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच, धोलावीराला निघालो. पूर्वी भुजहून भचाऊ-रापरच्या वळशाने दोनशे किलोमीटरांहून अधिक जावे लागे. आता खावड्याहून रणातून सरळ रस्ता झाला आहे. त्यातले सुमारे ३० किलोमीटर दोन्ही बाजूंना फक्त रण. पावसाळ्यात येथे समुद्राचे आणि पावसाचे पाणी भरते, हिवाळ्यात ते आटते आणि मीठ उरते. निघताना आम्ही नवा नियम केला. दर दोन तासांनी गाडी थांबणार. कोणी विचारायचे नाही, कोणी मागायचे नाही, थांबणार म्हणजे थांबणार. त्या रस्त्याच्या मध्यावर यांनी स्वतःच गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "चला, थांबा आला." मग दोघे पुरुष समोर लांब चालत गेले. आम्ही गाडीची एका बाजूची दोन्ही दारे उघडली, मध्ये माझी जुनी नऊवारी बांधली, वरून छत्री धरली. झाला आडोसा! सासूबाई बाहेर येऊन हसत म्हणाल्या, "राणीचा महाल आहे अगदी." मग मी त्यांचा हात धरून मिठावर उतरवले. कडेकडेनेच गेलो, कारण वरचा थर पातळ असला तर खाली चिखल असतो आणि पाय रुततो. दहा पावले गेलो, दहा पावले आलो. पायांखाली मीठ कुरकुरत होते. त्यांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवले आणि म्हणाल्या, "खारट आहे." जणू त्यांना शंकाच होती!

धोलावीरा हे सिंधू संस्कृतीतले शहर. जगत्पती जोशी यांनी ते शोधले, आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली तेथे मोठे उत्खनन झाले. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. मला इतिहास कळत नाही, पण तेथले पाणी मला कळले. मानसर आणि मनहर असे दोन पावसाळी ओढे शहराच्या दोन बाजूंनी वाहतात. ते बांध घालून अडवायचे आणि पाणी मोठमोठ्या टाक्यांत घ्यायचे. एक टाके तर सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल, खाली उतरायला पायऱ्या. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी नाल्या अशा की त्यांतून माणूस वाकून जाईल. स्नानाच्या जागा आहेत, सांडपाणी जायला वाट आहे. सासूबाई एका नालीच्या काठावर बसल्या, बाटलीतले पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, दोन्ही कळत होतं. आपल्याला एकच कळतं."

यापेक्षा शहाणे वाक्य मी कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेले नाही.

परतीचे दोन दिवस सुखात गेले. घरी आल्यावर आठवे पाकीट उघडले तर त्यात थोडे पैसे उरले होते. त्यांची सासूबाईंसाठी पाण्याची चांगली बाटली आणली. ती त्यांच्या उशाशी असते.

आता भगिनींनो, थोडे कामाचे. तुमच्यापैकी कोणाला कच्छला जायचे असेल तर माझी वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे, अवश्य न्या. तिच्यात आता सहावा मथळा आहे, थांबा. त्याखाली लिहिले आहे ते वाचून दाखवते. दर दोन तासांनी गाडी थांबवायची. मुक्कामाची जागा ठरवताना जेवणाआधी मोरीची चौकशी करायची. एक जुनी साडी, एक मोठी छत्री, पाण्याची बाटली, साबण, कागद आणि कचऱ्याची पिशवी वेगळी बांधून गाडीत वरच ठेवायची. बरोबरच्या मुलींच्या महिन्याच्या तारखा विचारून त्याप्रमाणे सामान घ्यायचे. साखर, मीठ आणि लिंबे हाताशी ठेवायची. संध्याकाळी बाटल्या गोळा करताना जिची बाटली भरलेली असेल, तिला बाजूला घेऊन विचारायचे. आणि ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर एका दिवशी एकच डोंगर किंवा एकच देऊळ. बाकीचे खोडायचे. खोडताना जीव दुखतो, मला माहीत आहे. तरी खोडायचे.

आणि शेवटी मंडळाला एक विनंती. दर वर्षी आपली सहल जाते. बस ठरते, नाश्ता ठरतो, भेंड्या ठरतात. मागच्या सहलीत आपल्यातल्या किती जणींनी सकाळचा चहा टाळला होता? हात वर करू नका. मला ठाऊक आहे, मीही त्यांत होते. यंदाच्या सहलीपासून एका सभासदेकडे फक्त थांब्यांचे काम द्यावे. तिने आधी फोन करून जागा पाहून ठेवाव्यात आणि बसवाल्याला आधीच सांगावे. हे काम करायला कोणी पुढे आले नाही, तर माझे नाव लिहून घ्यावे. मसालेभाताचे पातेलेही मीच बघेन.

माझ्या मुलीचे लग्न झाले. ती बंगळूरला सुखात आहे. सासरच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा देवदर्शनाला निघाली तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, मी गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं, आपण दर दोन तासांनी थांबणार. माझ्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं गं बाई, तू बोललीस."

एवढे बोलून मी आपली रजा घेते. टेबलावर सर्वांसाठी पाणी ठेवले आहे. पोटभर प्या. सभागृहाच्या मागच्या बाजूची खोली मी सकाळीच धुऊन, दिवा लावून, कडी तपासून ठेवली आहे.